पहिल्या सत्रातल्या या चुका टाळा. झाल्या असतील तर कधीपर्यंत सावरता येतात तेही बघा

कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेऱ्या आटोपून प्रवेश पक्का होतो, तेव्हा बऱ्याच कॉलेजांत इंजिनिअरिंगचे वर्ग सुरू झालेले असतात. मग कॉट बेसिसवर खोली शोधायची, मेस लावायची, राहिलेल्या दाखल्यासाठी पुन्हा गावी तहसीलला जाऊन यायचं. यात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि सगळं सत्र असतं जेमतेम पंधरा आठवड्यांचं. मी पुण्यात पहिल्या वर्षाला शिकवतो. इथल्या बहुतेक कॉलेजांत असते तशी माझ्याकडेही जीएफएमची, म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबरची जबाबदारी असते. दरवर्षी मुलं बदलतात, पण माझ्याकडे येणारी रडगाणी तीच राहतात. चूक बहुधा किरकोळच असते. ती तिसऱ्या आठवड्यात लक्षात आली की तेराव्या, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून इथे चुकांबरोबर त्या निस्तरायला किती वेळ हातात असतो तेही सांगतो. उदाहरणं इंजिनिअरिंगची आणि बाहेरगावाहून आलेल्या मुलामुलींची आहेत; बीएस्सी-बीकॉमवाल्यांनी आपापल्या विषयांप्रमाणे फेरफार करून घ्यावा.

हजेरी नंतर भरून काढू

७५ टक्क्यांचा नियम सगळ्यांना पाठ असतो, त्याचं गणित मात्र कोणी मांडत नाही. एखाद्या विषयाची आठवड्याला चार लेक्चर धरा. पंधरा आठवड्यांची झाली ६०. त्यातल्या ४५ ना बसायलाच हवं, म्हणजे सुट्टीसाठी उरली १५. यातच गणपती, आजारपण, चुलत बहिणीचं लग्न आणि मास बंक.

आता समजा तुमची हजेरी ५० टक्के आहे. सहाव्या आठवड्याअखेर २४ लेक्चर झाली, तुम्ही १२ ला होतात. उरलेल्या ३६ पैकी ३३ ना बसलात तर ४५ होतात. अवघड आहे, पण होतं. हीच ५० टक्के हजेरी दहाव्या आठवड्यात असेल तर ४० पैकी २० झालेली असतात आणि पुढची सगळी २० केली तरी एकूण ४० च, म्हणजे ६७ टक्क्यांच्या आत. निम्म्या हजेरीवर चाललेल्या मुलाला साधारण साडेसातव्या आठवड्यापर्यंतच दरवाजा उघडा असतो. डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डावर लागली की मुलं तिचा फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात, हसतात. त्याऐवजी त्याच संध्याकाळी वही घेऊन प्रत्येक विषयाचं हे गणित करावं.

प्रॅक्टिकलचं याहून नाजूक. दोन तासांचं प्रॅक्टिकल आठवड्यातून एकदाच, आणि अख्ख्या सत्रात अशी बारा-तेराच होतात. बारापैकी तीन बुडाली की तुम्ही बरोबर ७५ वर, चौथं बुडालं की खाली. दर आठवड्याला घरी जाणाऱ्यांना याचाच फटका बसतो. शुक्रवारी दुपारी वाकडेवाडीहून संभाजीनगरची किंवा स्वारगेटहून सोलापूरची एसटी पकडायची, सोमवारी दुपारपर्यंत परतायचं. त्यात शुक्रवारचं प्रॅक्टिकल आणि सोमवारची सकाळ दोन्ही जातात, तेही दर वेळी त्याच विषयांचं. घरी जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात घरची ओढ अनावर असते, आणि आईच्या हातचं जेवून आलेला मुलगा जास्त नीट अभ्यास करतो हेही पाहिलंय. फक्त जायच्या आधी टाइमटेबल बघा. बुडालेलं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर करू देणारे शिक्षक बरेच असतात. सबमिशनच्या आदल्या दिवशी विचारलंत तर ते तरी काय करणार?

मेडिकल सर्टिफिकेटबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ते दिलं की हजेरी आपोआप लागत नाही. कमी हजेरी माफ करायची की नाही हे ठरवताना त्याचा विचार होतो, एवढंच. आजारातून उठून कॉलेजला आल्या आल्या दिलेल्या कागदावर विश्वास बसतो. नोव्हेंबरात आणलेल्या ऑगस्टच्या सर्टिफिकेटावर काय बसतो ते मी लिहीत नाही.

सीईटीच्या सवयीनं पेपर लिहिणं

मला सगळ्यात जास्त काळजी या चुकीची वाटते, कारण ती हुशार मुलांच्या हातून होते. बारावीला ९० टक्के आणि सीईटीला चांगलं पर्सेंटाइल असलेला मुलगा पहिल्या इन-सेमला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, तीसपैकी आठ घेऊन येतो आणि त्याला वाटतं की आपण या शाखेच्या लायकीचेच नाही. लायकीचा इथे संबंध नसतो. एमएचटी-सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन वर्षं डोळ्यांनी पर्याय वगळायचे, शॉर्टकट लावायचे आणि पर्यायावर क्लिक करायचं, हाच सराव. क्लासवाल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांत तर बोर्डाच्या पेपरापुरतंच सलग लिहिणं होतं. इथे मात्र तासाभरात ३० गुणांचं लिहायचं असतं, म्हणजे सहा गुणांच्या प्रश्नाला बारा मिनिटं. आणि गुण पायऱ्यांना, आकृतीला, एककाला असतात. उत्तर बरोबर पण पायऱ्या गायब, असे पेपर तपासताना हातातला पेन अडखळतो.

इन-सेमनंतर पेपर बघायला मिळतो तेव्हा मुलं फक्त बेरीज तपासतात. त्याऐवजी गेलेले गुण दोन ढिगांत वाटा: जे लिहिलंच नाही त्याचे, आणि जे लिहिलं पण चुकलं त्याचे. पहिला ढीग मोठा असेल तर विषय येत नाही असं नव्हे. लिहायचा वेग नाही. रोज एक प्रश्न, घड्याळ लावून, पूर्ण पायऱ्यांसह लिहायचा. महिनाभरात फरक दिसतो. दुसरा ढीग मोठा असेल तर खोट बहुधा अकरावी-बारावीत असते. एम-वन (पहिल्या सत्राचं गणित) अडतं ते नव्या गणितामुळे क्वचितच, बहुतेक वेळा जुनं डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन कच्चं राहिल्यामुळे. ते बारावीच्याच पुस्तकातून पक्कं करायचं. लाज वाटून जाड रेफरन्स बुक उघडलंत तर दोन्ही राहतात.

ज्यांचा प्रवेश उशिरा झाला त्यांच्यासाठी वेगळी सूचना. इन-सेम बहुधा सुरुवातीच्या युनिटांवर असते, आणि तुमची बुडालेली नेमकी तीच. आल्या आल्या सीआरकडून, म्हणजे वर्गप्रतिनिधीकडून, बॅच नंबर, प्रॅक्टिकलची यादी आणि वर्गाच्या ग्रुपची लिंक घ्या. पहिल्या युनिटाच्या नोट्स झेरॉक्स करून कपाटात ठेवल्यानं काहीच होत नाही. शिकवलेल्या गोष्टींत पुढच्या लेक्चरला लागणारं काय आहे ते शिक्षकांना विचारा आणि तेवढंच आधी वाचा. सगळं पहिल्यापासून वाचत पुढे यायचा हट्ट धरणारी मुलं डिसेंबरपर्यंत मागेच राहतात.

असाइनमेंट उतरवून काढण्याबद्दल उपदेश करत नाही, कारण कोणी ऐकत नाही. पण ग्राफिक्सच्या शीटची जीटी मारणाऱ्यांनी, म्हणजे काचेखाली दिवा ठेवून दुसऱ्याची शीट उतरवणाऱ्यांनी, एवढं लक्षात ठेवावं की परीक्षेत काचही नसते आणि दिवाही. शीट उतरवायचीच वेळ आली तर ती दिवाळीच्या सुट्टीत एकदा स्वतःहून काढून बघा.

एखादा विषय राहिलाच तर एटीकेटीच्या नियमात बसून दुसऱ्या वर्षाला जाता येतं. किती विषयांपर्यंत, हे तुमच्या विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या पॅटर्नवर ठरतं. ते सिनियरला विचारू नका. त्याचा पॅटर्न वेगळा असू शकतो. परीक्षा विभागाचं परिपत्रक वाचा. इयर डाउन झालेल्यांत असे काही हमखास भेटतात, ज्यांना कोणीतरी ‘काही होत नाही रे’ म्हटलेलं असतं.

इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसणं

जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेली मुलं पहिले दोन महिने शेवटच्या बाकावर काढतात. विचारलं की म्हणतात, ‘समजतंय सर.’ समजत नसतं. त्यातले काही मग हजारो रुपये भरून स्पोकन इंग्लिशचा क्लास लावतात, तिथे हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची ते शिकतात, आणि थर्मोडायनॅमिक्स होतं तिथेच राहतं.

तुम्हाला लागणारं इंग्रजी फार थोडं आहे. प्रत्येक युनिटातले नेमके शब्द, आणि व्याख्या, कारण, फरक सांगायला लागणारी पाच-सहा ठरावीक वाक्यं. वहीच्या पानाला डाव्या बाजूला समास पाडा, उजवीकडे लेक्चर इंग्रजीत उतरवा, डावीकडे रात्री मराठीत एका ओळीत कळलेलं लिहा. जिथे डावीकडे काही लिहिता येत नाही तिथे कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तेवढंच विचारा, आणि बेलाशक मराठीत विचारा. पुण्यातल्या कॉलेजात मराठी प्रश्नावर नाक मुरडणारे शिक्षक मी कमीच पाहिले. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर अभियांत्रिकीची मराठी पुस्तकं मोफत आहेत. त्यांतली भाषा कुठे कुठे बोजड आहे, पण संकल्पना पहिल्यांदा वाचायला चालतात. नंतर इंग्रजी पुस्तकाकडे या, कारण पेपर इंग्रजीत लिहायचा आहे.

ऑरलची भीती असेल तर सुरुवात आकृतीनं करा. पेन्सिल हातात घेऊन आकृती काढत काढत बोलणाऱ्या मुलाकडून परीक्षकही अस्खलित इंग्रजीची अपेक्षा ठेवत नाही.

फॉर्म भरला म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली

महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, ‘सबमिट’ दाबलं की मुलं निर्धास्त होतात. अर्ज तिथून कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग संबंधित विभागाकडे. कुठल्याही टप्प्यावर त्रुटी निघाली की तो परत तुमच्याकडे येतो, आणि तुम्ही लॉगिन करून बघितलंच नाही तर मुदत संपेपर्यंत तिथेच पडून राहतो. फीचा हप्ता मागायला कॉलेजचा फोन वडिलांना जातो तेव्हा उलगडा होतो. दर सोमवारी पाच मिनिटं अर्जाची स्थिती बघा, बस.

बहुतेक वेळा अडतं ते खात्यावर. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. शाळेत असताना काढलेलं जुनं खातं बंद पडलेलं असतं, किंवा आधार भलत्याच बँकेशी जोडलेलं असतं. बँकेत जाऊन ‘माझं आधार डीबीटीसाठी याच खात्याला लिंक आहे का’ असं स्पष्ट विचारा; नुसतं ‘केवायसी झालंय’ हे उत्तर पुरेसं नाही. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावात फरक असेल तर तोही आत्ताच दुरुस्त करा, कारण क्रेडिट जमा होण्यासाठी लागणारा एबीसी किंवा अपार आयडी काढतानाही तोच आडवा येतो.

कोणती योजना आपल्यासाठी, हा गोंधळ खरा आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास प्रवर्ग यांच्या शिष्यवृत्त्या वेगवेगळ्या. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश असेल तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज मात्र करावाच लागतो, आणि होस्टेल-मेस त्यात येत नाही. राहण्याखाण्यासाठी वेगळ्या योजना आहेत: शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. फीची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून राहण्याची मिळणार नाही, असं गृहीत धरून कित्येक जण अर्जच करत नाहीत. समाजकल्याणच्या कार्यालयात किंवा कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर विचारायला एक दुपार लागते.

जात पडताळणीची नुसती पावती देऊन प्रवेश घेतला असेल तर हा कागद सगळ्यांच्या वर ठेवा. ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा प्रवेशच धोक्यात येतो. समितीच्या कार्यालयात वडिलांना एकट्याला पाठवू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरून काय विचारतील ते तुम्हाला माहीत असायला हवं.

खोली, मेस आणि खातं

थोडक्यात. मूळ गुणपत्रिका, मूळ टीसी घरमालकाला, एजंटला, क्लासला, कोणालाही देऊ नका. डिपॉझिट दिल्याची नोंद मेसेजवर तरी घ्या. मेसचे पैसे सत्राचे एकदम भरू नका, महिन्याचे भरा, आणि खाड्याचा नियम आधी विचारा: सलग किती दिवस जेवायला आलो नाही तर खाडा धरून पैसे वजा करतात, आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं का. रविवारी फिस्टनंतर संध्याकाळी मेस बंद असते, तो खर्च बहुतेकांनी मोजलेलाच नसतो. घरून आलेले महिन्याचे पैसे चार भागांत वेगळे ठेवले तर वीस तारखेला मित्राकडे हात पसरावा लागत नाही.

यात एकच गोष्ट थोडक्यात सांगून चालणार नाही. ‘तुझं बँक खातं आणि सिम महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असं कोणी सिनियर किंवा ओळखीचा म्हणाला तर तिथून उठा. अशा खात्यांतून सायबर फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. खातं गोठतं, पोलीस येतात ते खातेदाराकडे, आणि पासपोर्टच्या पडताळणीपर्यंत ते प्रकरण पाठ सोडत नाही. खातं दिलं असेल तर आजच बँकेला कळवा, घरी सांगा आणि वकिलाला बरोबर घेऊन पोलिसांकडे जा. स्वतःचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

सगळ्यात भाग घ्या, हा सल्ला

इंडक्शनला येणारा प्रत्येक पाहुणा हा सल्ला देतो आणि मला तो पटत नाही. ऑगस्टात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी, सप्टेंबरात ढोल-ताशा पथक, मग टेक्निकल क्लबची भरती, एनएसएसची नोंदणी. चार ठिकाणी नाव घातलेला मुलगा चारही ठिकाणी बॅकस्टेजला खुर्च्या उचलतो. एक निवडा, आणि दुसऱ्या सत्रापर्यंत टिकवा. एनएसएससारख्या गोष्टींना आता नव्या रचनेत क्रेडिटही असतं, तेव्हा आधी तुमच्या अभ्यासक्रमात ते कुठे बसतं ते बघा. मात्र काहीच न निवडणं याहून वाईट. फक्त आपल्या गावच्या, आपल्या तालुक्याच्या मुलांत राहिलेल्यांना पहिले दोन महिने उबदार जातात, आणि मग गटात एकाशी बिनसलं की सगळंच तुटतं.

‘इंट्रो’च्या नावाखाली उभं करून अपमान करणं, रात्री खोलीवर बोलावणं, ग्रुपवर मेसेज टाकायला भाग पाडणं हे रॅगिंगच आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे; दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करण्याचं बंधन कॉलेजप्रमुखावर आहे. म्हणून तक्रार लेखी करा, तारीख घाला, पोच घ्या. कॉलेजात सांगायची भीती वाटत असेल तर १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मेसेज डिलीट करू नका.

आणि घरच्यांसाठी. ‘सगळं छान चाललंय’ हे उत्तर रोज तेच, त्याच सुरात येत असेल तर एकदा न सांगता भेटायला या. दिवसभर झोपणं, मेसला न जाणं, फोन उचलायचं टाळणं, कॉलेजला जातो म्हणून खोलीतच बसणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर त्याला आळस म्हणू नका. जीएफएमचा नंबर पहिल्याच पालकसभेत घेऊन ठेवा. कॉलेजात समुपदेशक असतो. आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. विद्यार्थ्यांनीही हा नंबर स्वतःसाठी नाही तरी रूममेटसाठी जवळ ठेवावा. कोणी जगण्यावरच पाणी सोडल्यासारखं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच वॉर्डनला उठवा, मध्यरात्र असली तरी.

सगळंच एकदम बिघडलं असेल तर

दिवाळीच्या तोंडावर माझ्या केबिनबाहेर असा एखादा विद्यार्थी उभा असतोच. हजेरी कमी, दोन जर्नल अपुरी, इन-सेममध्ये नापास, शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलेला. तो बहुधा सगळ्यात आधी गणिताचा अभ्यास सुरू करतो, कारण त्याची भीती सगळ्यात मोठी. क्रम उलटा हवा. ज्याला तारीख आहे ते आधी: महाडीबीटीची त्रुटी, परीक्षेचा फॉर्म, पडताळणीचा कागद. ही दोन दिवसांची कामं आहेत आणि चुकली तर वर्ष जातं. मग प्रॅक्टिकल आणि जर्नल, कारण त्याशिवाय टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे सत्र पूर्ण झाल्याचं कॉलेज मान्य करत नाही, आणि परीक्षेला बसताच येत नाही; प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना भेटून काय राहिलंय त्याची यादी त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. अभ्यास त्यानंतर, आणि तोही सगळ्या विषयांचा नाही: जे दोन विषय सुटण्याच्या सगळ्यात जवळ आहेत ते आधी. एम-वनसाठी सुट्टीतले दहा दिवस ठेवा.

प्रवेश रद्द करून पुन्हा सीईटी द्यायची का, हा प्रश्न या आठवड्यात सोडवायचा नाही. तो सत्राचा निकाल लागल्यावर, घरच्यांसमोर बसून, फी परताव्याचा नियम वाचून मगच हातात घ्या. तोपर्यंत लेक्चरला बसा. आणि जीएफएमला भेटायला दोन लेक्चरच्या मधल्या पाच मिनिटांत येऊ नका, दुपारी चारनंतर या. वही बरोबर आणा.